हवा धरली

आमच्याकडं 'हवा धरली' हे बोलणं आधी विहिरीवर आलं आणि मोटारसायकलवर मागाहून. शहरातल्या वाचकाला या दोन गोष्टींचा संबंध चटकन लागायचा नाही. पण जुन्या येझदीच्या, राजदूतच्या इंजिनात चोरून शिरणारी हवा कशी शोधायची, हे आमच्या गावांना विहिरीवरच्या पंपानं शिकवलं. ती हकीकत कुठंतरी लिहून ठेवावी, एवढ्यासाठी हा लेख.

आमचा गाव सांगली जिल्ह्यातला. किर्लोस्करवाडी सायकलच्या टप्प्यात. १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथं कारखाना उभा केला. आधी लोखंडी नांगर, उसाचे चरक, आणि १९२६ च्या सुमाराला पाण्याचे पंप. पुढं १९४६ साली पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनाचा कारखाना निघाला. मग गावोगावच्या विहिरींवर इंजिनं धडधडायला लागली आणि मोटा वळचणीला गेल्या. नाडा, सोंदूर, कणा, धाव हे शब्द माझ्या नातवंडांना सांगावे लागतात. माझ्या वडिलांनी मोटही हाकली आणि पंपही चालवला.

मोट अडली तर का अडली ते डोळ्याला दिसायचं. नाडा तुटला, कणा मोडला, बैल बसला. पंपाचं तसं नव्हतं. इंजिन झोकात चालू आहे, पट्टा फिरतोय, आणि पाटात थेंब नाही. कारण बहुतेक वेळा एकच. सक्शनला हवा धरली.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं म्हणजे पंप पाइपातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी पाइपात वर ढकलतो. पंप ठराविक उंचीच्या वर पाणी घेत नाही, ही गोष्ट इटलीत गॅलिलिओनं १६३८ सालच्या पुस्तकात नोंदली. त्याचा शिष्य टॉरिचेली यानं १६४३ साली पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली. हवेचा दाब ७६ सेंटिमीटर पारा तोलतो, पाणी म्हणाल तर दहा मीटरच्या थोडं वर. आमच्या माणसांनी टॉरिचेलीचं नाव ऐकलं नव्हतं, पण वीस-बावीस फुटांच्या वर पंप नीट पाणी घेत नाही हे सगळ्यांना पाठ होतं. १९७२ च्या दुष्काळात पाणी खोल गेलं, तेव्हा लोकांनी विहिरीच्या पोटात टप्पा खोदून पंप खाली उतरवले ते यामुळंच. तेव्हा मी बारा वर्षांचा असेन.

सक्शनच्या पाइपाला सुईएवढं भोक असलं तरी बाहेरची हवा तिथून आत घुसते आणि पाणी सुटतं. मग शोध सुरू व्हायचा. तळाचा फूटव्हॉल्व्ह, त्याला आमच्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात, तो आधी बघायचा. मग ग्लँडदोरी. मग एकेक जोड. जोडावर ओला चिखल लिंपायचा, पंपात शेणकाला ओतायचा. जोडाशी उदबत्ती धरली की जिथं फट असेल तिथं धूर बाहेर न जाता आत पळायचा. आमच्या गावचे पंपाचे मिस्त्री म्हणायचे, "पाणी गळतं ते दिसतं, हवा गळती दिसत न्हाई. तिला कायतरी खायला द्यायचं आणि कुठनं खाती ते बघायचं." हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मोटारसायकलीकडं येतो. जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियातलं. प्राग शहरात फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ साली वाँडरर कंपनीच्या मोटारसायकलीचा मक्ता घेतला, आणि आपल्या नावातलं 'या' आणि वाँडररमधलं 'वा' जोडून 'यावा' केलं. आपण तिला जावा म्हटलं. १९६१ पासून ती म्हैसूरला आयडियल जावा कंपनीत बनू लागली. १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. राजदूत ही पोलंडच्या गाडीवरून बेतलेली, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची. या गाड्या खेड्यात रुळल्या त्या दुधामुळं. १९७० साली दुधाचा महापूर योजना सुरू झाली, डेऱ्या वाढल्या, आणि मळ्यामळ्यातनं दूध गोळा करून वेळेत पोचवायला मजबूत गाडी हवी होती. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लावून खडकाळ वाटेनं पळणारी येझदी मी रोज पहाटे ऐकत आलो. तिचा आवाज ऐकून बायका धारेला बसायच्या.

येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक, २५० सीसीचं. त्यात व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन वर जाताना खालच्या क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि कार्ब्युरेटरमधून हवा, पेट्रोल आणि त्यात मिसळलेलं तेल आत येतं. पिस्टन खाली येताना तेच दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर जातं. म्हणजे क्रँककेस हाच पंप! त्याचा कार्ब्युरेटर म्हणजे सक्शनचं तोंड, आणि क्रँकच्या दोन टोकांना बसवलेल्या ऑइल सील म्हणजे ग्लँडदोरी. आमच्या मिस्त्रींनी पहिल्यांदा असं इंजिन खोललं तेव्हा त्यांना ते परकं वाटलं नाही, ते या कारणानं.

पेट्रोल नीट जळायला वजनानं एका भागाला सुमारे पंधरा भाग हवा लागते. ते माप कार्ब्युरेटर ठरवतो. मधल्या कुठल्या तरी फटीतून हवा घुसली की ती मोजमापाबाहेरची. तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. आणि टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, म्हणजे तिच्याबरोबर तेलही येत नाही. इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला धरतो. पळत्या गाडीचं मागचं चाक जागेवर जाम होतं. क्लच वेळेत दाबला तर माणूस वाचतो.

खुणा आधी दिसतात, बघणारा पाहिजे. इंजिन तापल्यावरही चोक मागतं. रेस सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, कधी आपोआप चढतो. कार्ब्युरेटरमधून फटफट उलटा आवाज येतो. प्लग काढावा तर खाकी-तपकिरी असायचा तो पांढरा खडूसारखा. पेट्रोल संपत आलं की गाडी बंद पडायच्या आधी रेस वाढते, ती आपण सगळ्यांनी ऐकली आहे. हवा धरलेली गाडी कायम तशीच, उपाशीपोटी पळत असते.

माझा चुलतभाऊ दूध घालायचा. त्याच्या येझदीनं एका वर्षात दोनदा पिस्टन धरला. दोन्ही वेळा तालुक्याच्या एका गॅरेजात सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन टाकला. दर वेळी दुधाचं दहा दिवसांचं बिल गेलंच, वर उसने काढावे लागले. सिलिंडर दर खेपेला खरवडला जातो, कायम बोअर करता येत नाही. तिसऱ्या वेळी गाडी तशीच तापायला लागली तेव्हा भाऊ म्हणाला, "आता ही इकून टाकतो आणि रतीब सोडतो." घरात दुसरी मिळकत नव्हती. वहिनी काही बोलली नाही, नुसती चुलीपुढं बसून राहिली.

मी त्याला पंपाच्या मिस्त्रींकडं नेलं. त्यांनी गाडी सुरू केली, हात कानामागं नेऊन ऐकलं, आणि कार्ब्युरेटरवरचं पेट्रोल वर आणायचं बटण बोटानं दाबून धरलं. चढलेला आवाज खाली आला, इंजिन संथ झालं.

"बघ दादा, तेल जास्त दिलं की निवांत चालती. म्हणजे पिस्टनची काय चूक न्हाई. हवा खाती ही."

"कुठनं पण, मिस्त्री?"

"तेच बघायचं हाय."

पहिल्यांदा त्यांनी कार्ब्युरेटरचा जोड बघितला. फ्लँजच्या कडेनं कुपीतनं इंजिन ऑइलचे थेंब सोडले. फट असती तर तेल आत ओढलं गेलं असतं आणि आवाज बदलला असता. बदलला नाही. इथं उदबत्ती चालत नाही, हेही ते प्रत्येकाला बजावून सांगायचे. विहिरीवर पाणी होतं, इथं पेट्रोल आहे. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडून फट शोधणारे लोकही असतात. मिस्त्री त्यांना जवळ उभे करत नसत.

मग त्यांनी जे केलं ते बघायला निम्मी आळी जमली. कार्ब्युरेटर आणि दोन्ही सायलेन्सर काढले. ती तोंडं जुन्या ट्यूबचं रबर आणि पट्ट्या लावून बंद केली. एका जुन्या प्लगचं पोट पोकळ करून त्याला नळी बसवली, आणि त्या नळीला दवाखान्यातनं मोडीत काढलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र जोडलं. रबरी फुगा दाबत काटा तीनशेच्या अलीकडं नेला. हा दाब सायकलच्या ट्यूबमधल्या दाबापेक्षा कितीतरी कमी. त्याच्या फार वर गेलं तर चांगल्या सीलही जागा सोडतात. धड इंजिनात काटा पाच-सहा मिनिटं जवळजवळ जागेवर राहायला हवा. इथं तो बघता बघता उतरला.

येझदीत डाव्या अंगाला क्लच आणि तेल, उजव्या अंगाला डायनामो. डावी सील गेली तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितं, पांढुरका धूर मारतं, प्लग ओला होतो. इथं धूर नव्हता, प्लग कोरडा पांढरा होता. म्हणून मिस्त्रींनी उजवं झाकण काढलं, आर्मेचर बाहेर घेतलं आणि सीलभोवती साबणाचं पाणी लावलं. फुगा दाबला तसे सीलच्या ओठाशी बारीक बुडबुडे उठले. हवेला खायला दिलं आणि ती कुठनं खाते ते सगळ्यांनी बघितलं. दोन बोअर आणि दोन पिस्टन गिळून बसलेलं दुखणं एका रबरी कड्याचं होतं.

नवीन सील बसवण्याआधी त्यांनी क्रँकचं टोक पॉलिश पेपरनं हलकं साफ केलं, सीलच्या ओठाला ग्रीस लावलं आणि लाकडी ठोकळ्यावर हळू ठोकत ती सरळ बसवली. मग पुन्हा फुगा दाबून काटा बघितला. तो थांबला. त्यानंतरच कार्ब्युरेटर चढवला. चढवण्याआधी त्याची फ्लँज काचेवर पॉलिश पेपर पसरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी घासली. दोन नट जोरात आवळले की अ‍ॅल्युमिनियमची फ्लँज मधून कमान धरते आणि जोर लावून आवळणाराच फट तयार करतो. पॅकिंग नवीन कापलं, नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. भावानं त्यानंतर त्याच गाडीवर किती वर्षं रतीब घातला म्हणाल, तर पोरीचं लग्न आणि पोराचं डिप्लोमा त्या दुधात झालं.

हीच रीत पुढच्या गाड्यांनाही लागू पडली. १९८५ साली आलेल्या आरएक्स-१०० ला कार्ब्युरेटरमागं रबरी मॅनिफोल्ड होता. तो वाकवून बघितला की उन्हानं पडलेल्या भेगा उघडायच्या. बुलेट फोर-स्ट्रोक, तिचं वंगण वेगळं, म्हणून हवा धरली तरी ती लगेच मरत नाही. नुसती अडखळते, फटफटते, आणि मालक उगाच जेट बदलत बसतो. तिथं कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधला जोड आधी बघावा.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्यावर नव्या गाड्यांतला कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. आता सेन्सर हवा मोजतो आणि बिघाड असला तर दिवा लागतो. ते चांगलंच आहे. तरी रबर फाटतंच, पॅकिंग वाळतंच, आणि हवा शिरायला वाट शोधतेच. जुन्या येझदी पुन्हा नटवून चालवणारी तरुण मुलं हल्ली कोल्हापूर-पुण्याकडनं आमच्याकडं सुटे भाग शोधत येतात. त्यांना मी एवढंच सांगतो, की पिस्टनला हात लावायच्या आधी हवा तपासा. आमचे मिस्त्री आता नाहीत. त्यांच्या दुकानातलं ते रक्तदाबाचं यंत्र मी मागून घेतलं आहे. फुग्याचं रबर चिरलं होतं, ते बदललं. काटा अजून सरळ उभा राहतो. कुणाला लागलं तर घेऊन जावं, काम झालं की आणून द्यावं.