कारागीरमुद्रा, पॅरिसच्या फर्निचरवरील

लाकडी फर्निचरवर ते घडविणाऱ्या कुशल कारागिराच्या नावाचा लोखंडी ठशाने उमटविलेला शिक्का. फर्निचरचा दर्जा ठरविण्याचे काम गिऱ्हाइकाच्या नजरेवर न सोडता ते कायद्याने बांधून घेण्याचा हा एक उल्लेखनीय प्रयत्न होय. पॅरिसमधील सुतार व जडावकाम करणारे कारागीर यांच्या श्रेणीच्या १७४३ च्या नियमावलीने प्रत्येक उस्तादास अशी मुद्रा बंधनकारक केली. तिची अधिकृत नोंद मात्र १७५१ मध्ये झाली. श्रेणीचे निरीक्षक वर्षातून चार वेळा कर्मशाळांना भेट देत आणि पसंत पडलेल्या वस्तूवर ‘जे. एम. ई.’ या अक्षरांचा दुसरा ठसा मारीत. सदोष माल जप्त होई.

या व्यवस्थेमागील कारण लाकडाच्या स्वभावातच आहे. खोडाच्या बाहेरील रसकाष्ठात पिष्टमय द्रव्ये असल्याने त्याला कीड लवकर लागते. ओले लाकूड वाळताना आकसते व सांधे सैल पडतात. हे दोष नव्या वस्तूत दिसत नाहीत. त्यातच ओक किंवा पाइनच्या सांगाड्यावर मौल्यवान लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटविला की आतील हलके काम पूर्णपणे झाकले जाते. म्हणूनच मुद्रा खुर्चीच्या बैठकीखालील पट्टीवर वा कपाटाच्या संगमरवरी फळीखाली, म्हणजे उघड्या लाकडावर आढळते.

नियमाला पळवाटा पुष्कळ होत्या. राजाच्या सेवेतील कारागीर त्यातून मुक्त होते. सेंट आंत्वान उपनगरातील कारागिरांना तर १६५७ पासूनच श्रेणीबाहेर राहून धंदा करण्याची मुभा होती. दुरुस्ती करणाराही जुन्या वस्तूवर आपला ठसा उमटवी. झां-फ्रांस्वा एबेन १७६३ मध्ये वारल्यावर त्याच्या विधवेची कर्मशाळा त्याच्याच मुद्रेखाली चालू राहिली आणि तेथे झां-आंरी रीझनेरने केलेल्या कामावरही एबेनचे नाव उमटले. रीझनेर १७६८ मध्ये उस्ताद झाला. ‘बी. व्ही. आर. बी.’ ही आद्याक्षरे असलेले अत्यंत उंची फर्निचर कोणाचे, हे तर १९५७ मध्ये उलगडले. तो कारागीर बेर्नार व्हान रीझन बुर्ख होता.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात १७९१ मध्ये श्रेणी रद्द झाल्या व मुद्रेची सक्ती संपली. पुढे जुन्या फर्निचरला भाव आल्यावर मुद्रेचीच नक्कल होऊ लागली. दर्जाची हमी म्हणून निघालेली खूण फसवणुकीचे साधन बनावी, हा या इतिहासातील विलक्षण भाग आहे. व्हर्सायच्या राजवाड्याने अठराव्या शतकातील म्हणून विकत घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण २०१६ मध्ये उघडकीस आले, तेव्हा तज्ञांचीही फसगत होऊ शकते हे दिसून आले.

त्यामुळे जाणकार आज ठशापेक्षा बांधणीवर अधिक भिस्त ठेवतात. हाती करवतीने कापलेला पापुद्रा यंत्राने काढलेल्यापेक्षा जाड व असमान असतो. खणांच्या तळाशी व पाठीमागे हातरंध्याच्या उथळ पन्हळी बोटांना जाणवतात. वर्तुळाकार करवतीच्या वक्र रेषा आढळल्यास ते काम बहुधा एकोणिसाव्या शतकातील वा त्यानंतरचे असते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसत असल्यामुळे अस्सल जुन्या गोल मेजाची फळी मोजली असता किंचित लंबगोल भरते.