जैसलमेरला उजाडेपर्यंत

5 डिसेंबर 1971, भारत-पाक युद्ध. जैसलमेरच्या हवाई तळावर तुम्ही हंटर लढाऊ विमानाच्या एकुलत्या आसनात पट्टे आवळून बसला आहात. बाहेर मिट्ट काळोख. वाळवंटातली थंडी बोटं आखडवते. रात्री लोंगेवालाच्या ठाण्याहून निरोप आला आहे की पाकिस्तानी रणगाडे येऊन भिडलेत. तिथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि 23 पंजाबचे सुमारे 120 जवान आहेत. ते हटले तर रामगढमार्गे जैसलमेरचा रस्ता मोकळा.

आणि तुम्ही उडू शकत नाही! अंधारात जमिनीवरचं लक्ष्य शोधायची सोय तुमच्या हंटरमध्ये नाही. तळप्रमुख विंग कमांडर बावा यांच्याकडे देण्यासारखं उत्तर एकच : पहाटेपर्यंत तग धरा. तिकडे काटेरी तारा दिसताच शत्रूला सुरुंगांची शंका आली आहे आणि त्याचे मोलाचे तास त्यातच जात आहेत.

फटफटलं. चला.

काही मिनिटांत लोंगेवाला खाली दिसतं. मेजर आत्मासिंग आपल्या संथ, निःशस्त्र कृषक विमानातून रेडिओवर लक्ष्यं सांगताहेत. खरं सांगायचं तर त्या सकाळी सगळ्यांत मोठी छाती त्यांची. तुम्ही नाक खाली झुकवता. तिरप्या उन्हात रणगाड्यांच्या सावल्या लांबच लांब पडल्या आहेत. उघड्या वाळूत लपायला झुडूपही पुरत नाही. रॉकेटं सुटतात, मग 30 मिमीच्या तोफा. खालचे रणगाडे चुकवायला गोल गोल फिरू लागतात, मऊ वाळूत रुततात, धुरळ्यात एकमेकांना दिसेनासे होतात. त्यांच्या मशीनगनचा मारा तुमच्या दिशेने येतो. दांडी मागे ओढा, वळा, तळावर परता, दारूगोळा भरा, पुन्हा या.

प्रत्येक फेरीत मान वळवून वर बघता. सेबर? स्टारफायटर? कुणीच नाही. एवढी चिलखती फौज वाळवंटात घुसवली, पण तिच्या डोक्यावर पाकिस्तानी हवाई दलाचं छत्र नव्हतं. माझ्या मते लढाईचा निकाल या एका चुकीने लावला. त्या मोकळ्या आकाशात वैमानिकांच्या कौशल्याचं पुरेपूर चीज झालं.

चांदपुरींना महावीरचक्र मिळालं, ते योग्यच. कारण रात्रीतच ठाणं पडलं असतं, तर सकाळी तुमच्या हंटरना ते रणगाडे जैसलमेरच्या वाटेवर शोधावे लागले असते.