मुंबई बाँबस्फोटमालिका, १९९३

मुंबईत १२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी, दुपारी दीड ते पावणेचारच्या दरम्यान घडवून आणलेले स्फोट. पहिला स्फोट शेअर बाजाराच्या तळघरात झाला. पाठोपाठ काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, वरळीचे सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, दादरचे प्लाझा चित्रपटगृह, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोलपंप आणि उपनगरांतील तीन हॉटेले हादरली. माहीमच्या मच्छीमार वसाहतीत व सहार विमानतळावर हातबाँब फेकण्यात आले. स्फोट बारा की तेरा, याबाबत नोंदींत एकवाक्यता नाही. मृतांची संख्या २५७. जखमींचा आकडा खटल्यात ७१३, तर अन्यत्र सुमारे १,४०० असा दिला जातो. भारतातील एखाद्या शहरात आरडीएक्स या स्फोटकाचा एवढ्या प्रमाणावर वापर त्यापूर्वी झाला नव्हता.

पार्श्वभूमी : बाबरी मशिदीचा विध्वंस (६ डिसेंबर १९९२) आणि त्यानंतर मुंबईत डिसेंबर व जानेवारीत उसळलेल्या दंगली. श्रीकृष्ण आयोगाने दंगलींतील ९०० मृत्यूंची नोंद केली आहे.

किनारा व माल : रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये शस्त्रे आणि आरडीएक्स उतरवले गेले. श्रीवर्धन तालुक्याचा हा किनारा खाड्यांनी तुटलेला, रस्ते थोडे, वस्ती विरळ. सोने, चांदी, घड्याळे असा चोरटा माल येथे वर्षानुवर्षे उतरत असे. होडीवरून माल उचलणारे, ट्रकवाले, वाटेवर डोळेझाक करणारे अशी सारी साखळी त्या धंद्याने आधीच बांधून ठेवली होती. स्फोटकांसाठी नवी वाट पाडावी लागली नाही. लाच घेऊन माल सोडणारे कस्टम व पोलीस अधिकारी पुढे खटल्यात दोषी ठरले. बाँब पेरणाऱ्यांच्या नावांपुढे या साखळीचा उल्लेख सहसा ओझरता होतो. प्रस्तुत नोंदीच्या मते घटनेचे मूळ तिथेच शोधावे लागते. तस्करी, पोलीस, नोकरशाही व राजकारण यांच्या लागेबांध्यांची छाननी करण्यासाठी केंद्राने त्याच वर्षी व्होरा समिती नेमली.

प्रतिसाद : स्फोटांनंतर तिसरी दंगल पेटेल अशी सार्वत्रिक भीती होती. ती पेटली नाही. मुख्यमंत्री शरद पवार यांनी दंगल टाळण्यासाठी त्या संध्याकाळी मुस्लिम वस्तीतील एका न झालेल्या स्फोटाचा मुद्दाम उल्लेख केला, असे त्यांनी नंतर स्वतः सांगितले. या कृतीविषयी मतभेद आहेत. शेअर बाजार सोमवारी, १५ मार्चला, उघडला. पुढे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी जुलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून त्या चालवल्या होत्या आणि १९७० व १९८४ च्या दंगलींत होरपळलेले ते गाव १९९२-९३ मध्ये शांत राहिले. तेथे बीटचा हवालदार आणि दोन्ही धर्मांचे शेजारी नियमित एकत्र बसत. गणपतीची मिरवणूक, लाउडस्पीकर, नळावरची भांडणे हेच बैठकीचे विषय असत. अफवा आली की खात्री करायला ओळखीचे माणूस असे. हे काम चिकाटीचे होते आणि त्याची दखल फार कमी घेतली गेली.

खटला : टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालील विशेष न्यायालयात चालला. न्या. प्र. द. कोदे यांनी २००६-०७ मध्ये १०० जणांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांतील याकूब मेमनची फाशी कायम केली. ती ३० जुलै २०१५ रोजी नागपूर कारागृहात अमलात आली. कटाचे सूत्रधार मानले गेलेले टायगर मेमन व दाऊद इब्राहिम फरारी आहेत.

सागरी सुरक्षा : १९९३ मध्येच नौदल, तटरक्षक दल व राज्य यांची संयुक्त गस्त, ‘ऑपरेशन स्वान’, सुरू झाली. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर तरीही समुद्रमार्गेच मुंबईत उतरले. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली आणि मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली.

चित्रपट : ‘ब्लॅक फ्रायडे’ (अनुराग कश्यप), न्यायालयीन स्थगितीमुळे भारतात प्रदर्शन २००७ मध्ये.