सस्तन प्राण्यांच्या गर्भात श्रोणीची घडण

श्रोणी म्हणजे पाठीचा कणा आणि मागचे पाय यांना जोडणारे कमरेच्या हाडांचे कडे. मादीमध्ये प्रसूतिमार्गही याच कड्यातून जातो. लातूरच्या देवणी गावाचे नाव लाभलेली गोजात बीदरच्या सीमाभागातही पाळली जाते. तेथे एखादी कालवड पहिल्या वेतात अडली, की या कड्याच्या रुंदीचे महत्त्व पशुपालकाला कळते. त्या रुंदीचा पाया गर्भातच घातला जातो.

श्रोणीची घडण दोन निरनिराळ्या उगमांतून होते. कण्याला जोडलेले त्रिकास्थी कण्याच्या दोन्ही बाजूंच्या कायखंडांपासून बनते, तर दोन्हीकडची नितंबास्थी पार्श्व मध्यस्तरापासून. मागच्या पायांचे अंकुर याच स्तरातून फुटतात. मानवी गर्भात ते चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, उंदराच्या गर्भात दहाव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतात. काळ वेगळा असला तरी क्रम एकच असतो: प्रथम पेशी दाट होतात, त्यांची कूर्चा बनते आणि कूर्चेची जागा हळूहळू हाड घेते.

प्रत्येक नितंबास्थीचे तीन भाग असतात: वरचा श्रोणिफलक, मागचा आसनास्थी आणि पुढचा जघनास्थी. मानवात श्रोणिफलकाचे हाड तिसऱ्या महिन्यात बनू लागते. आसनास्थी व जघनास्थी यांचे त्यानंतर. हे तिन्ही भाग खुब्याच्या वाटीत एकत्र येतात. वाटी आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा हे सुरुवातीला एकसंध असतात. पुढे त्यांच्यात पोकळी पडून सांधा तयार होतो. गर्भाच्या हालचालींमुळे वाटीला योग्य आकार येतो.

जन्माच्या वेळी मात्र हे काम अपुरेच असते. तिन्ही हाडांमधली कूर्चा मानवात साधारणपणे 14 ते 16 व्या वर्षांपर्यंत टिकते. वासरात ती बरीच लवकर भरून येते; तरीही श्रोणीची रुंदी कालवडीच्या वाढीबरोबर वाढतच राहते.

म्हणून केवळ माज आला एवढ्यावरून कालवड भरवणे धोक्याचे ठरते. तिची अंगाची वाढ पुरेशी झाली आहे का, हे आधी पाहावे. लहान चणीच्या कालवडीला थोराड जातीच्या वळूचे रेतन दिल्यास वासरू मोठे आणि वाट अरुंद, असा प्रसंग ओढवू शकतो. पशुवैद्याला श्रोणीची तपासणी आधीच करता येते. बीदरमध्ये तर कर्नाटकाचे पशुवैद्यकीय विद्यापीठच आहे. वेताच्या रात्री धावाधाव करण्यापेक्षा रेतनापूर्वीचा सल्ला गाय आणि वासरू दोघांनाही वाचवतो.