वाट पाहणाऱ्यांचं तेल

हिंगोलीत आमच्या घराशेजारी एक नर्सबाई राहायच्या. ख्रिस्ती होत्या. गल्लीतली मोठी माणसं त्यांना सिस्टर म्हणायची, आम्ही पोरं सिस्टरमावशी. नाताळच्या आधीचे चार रविवार त्या खिडकीत मेणबत्त्या लावायच्या. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चढत्या. मला वाटायचं, नाताळची तयारी चाललीय. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "येशू जन्मला त्याची आठवण तर आहेच. पण तो परत येणार आहे, त्याचीही वाट पाहायची असते."

"कधी येणार?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"आज रात्री आला तर?"

"आला तर आला. मला सकाळी सातची ड्युटी आहे. जा, झोप तू."

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. जगाचा निवाडा करायला कुणी तरी कधीही येऊ शकतं आणि सिस्टरमावशी मात्र गजर लावून झोपतात, हे काही केल्या जुळत नव्हतं.

आमच्या भागात वाट पाहण्याचं काम मुळात देवाकडं आहे. हिंगोलीजवळच नर्सी आहे, संत नामदेवांचं गाव. तिथून पंढरपूरला निघणाऱ्याला ठाऊक असतं, की विठोबा विटेवर उभा आहे. पुंडलिकानं थांब म्हटलं म्हणून थांबलेला. भक्त चालतो, देव वाट पाहतो. ख्रिस्ती श्रद्धेत हे उलटं आहे. तिथं देव यायचा आहे आणि माणूस थांबलेला आहे. मग थांबलेल्या माणसानं करायचं काय?

हा प्रश्न जवळपास दोन हजार वर्षं जुना आहे. पहिल्या पिढीचे ख्रिस्ती लोक एकमेकांना भेटताना ‘मारानाथा’ म्हणत असावेत. हा अरामी भाषेतला शब्द, अर्थ साधारण ‘प्रभू, ये’. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी तो तसाच्या तसा आला आहे. तो आपल्या हयातीतच येणार, अशी अनेकांची खात्री होती. थेस्सलनीका शहरातल्या काही जणांनी तर कामधंदाच सोडला. प्रभू येतच आहे, असं धरून बसल्यामुळं त्यांनी काम टाकलं, असं अनेक अभ्यासक मानतात. पौलानं त्यांना सुनावलं, की ज्याला काम करायचं नाही त्यानं जेवूही नये.

अठराशे वर्षांनी अमेरिकेत हेच पुन्हा घडलं. विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्यानं बायबलमधल्या आकड्यांवरून गणित मांडलं. त्याच्या अनुयायांनी त्यावरून तारीख काढली, २२ ऑक्टोबर १८४४. हजारो लोक त्या दिवशी आभाळाकडं डोळे लावून बसले. काहींनी शेतातलं पीकही काढलं नव्हतं, कारण ते खायला उरणार कोण? दिवस मावळला, रात्र सरली, २३ तारखेचा सूर्य नेहमीसारखा उगवला. त्या हताश लोकांतल्याच काहींनी पुढं १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट हा पंथ उभा केला. या पंथानं दवाखाने आणि शाळा काढल्या. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. तारीख चुकल्यावर वाट पाहणं संपलं नाही, वाट पाहण्याची रीत बदलली.

ही रीत आपल्याकडं कुणी सगळ्यात खोलवर जगून दाखवली असेल, तर पंडिता रमाबाईंनी. मराठवाड्यातून पुण्याला येणारी रेल्वे दौंड सोडून पुढं आली, की केडगाव नावाचं स्टेशन लागतं. शिकायला पुण्यात आलो तेव्हा मी कितीदा तरी त्या स्टेशनवरून गेलो. तिथं रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, एवढंच माहीत होतं. पुढं त्यांचं आत्मकथनपर लेखन वाचलं, आणि सिस्टरमावशींचा तो सातचा गजर पुन्हा आठवला.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणारे. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत पुराणं सांगत फिरायचं. श्रद्धा पक्की होती. नेमधर्म पाळले, दानं दिली, तर देव प्रसन्न होईल, संकट टळेल. १८७४च्या सुमारास दक्षिणेत अन्नान्नदशा झाली. जवळचा पैसा, दागिने, भांडी गेली. कष्टाचं काम करायची सवय नव्हती आणि भीक मागायची लाज होती. शेवटी वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. अकरा दिवस हे कुटुंब रानात पाला, पाणी आणि मूठभर रानटी खजूर यांवर राहिलं. अखेर भाऊ म्हणाला, जातीचा अभिमान बाजूला ठेवतो आणि मजुरी करतो. पण उशीर झाला होता. वडील गेले, मग आई, मग बहीण.

हे सगळं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वाचताना मला त्यातला धर्मांचा वाद दिसत नाही. मला दिसते ती रिकाम्या हातांनी वाट पाहण्याची किंमत. आमच्या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. पाऊस कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. पण मृग लागायच्या आधी वखरणी झालेली नसेल आणि बियाणं घरात नसेल, तर आलेला पाऊसही वाया जातो. माझे वडील मे महिन्याच्या उन्हात वखर धरायचे, तेव्हा आभाळात एक ढग नसायचा.

रमाबाई पुढं कलकत्त्याला गेल्या, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झाल्या. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ मध्ये नवरा पटकीनं गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवलं. मुली ख्रिस्ती होतायत म्हणून १८९३ मध्ये ‘केसरी’नं झोड उठवली, सल्लागार मंडळातले सुधारक बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुलींच्या बातम्या ऐकून रमाबाई तिकडं गेल्या. आपलेच जुने दिवस समोर उभे होते. त्यांनी सुमारे तीनशे मुली सोबत आणल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती आणि संत्र्यांची झाडं लावली होती. त्या माळावर मांडव घालून मुक्ती सदन सुरू झालं. विहिरी खोदल्या. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या आणि राहणाऱ्यांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

आता इथं बायबलमधली एक गोष्ट सांगायला हवी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशू सांगतो, की दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहत होत्या. वराला उशीर झाला. दहाही जणींना झोप लागली. मध्यरात्री आरोळी उठली, की वर आला. पाच जणींजवळ जादा तेल होतं. पाच जणींजवळ नव्हतं. त्या तेल आणायला धावल्या, तोवर दार बंद झालं. ख्रिस्ती माणसाला ‘तयार राहा’ म्हणायचं असलं, की हीच गोष्ट सांगितली जाते. झोप शहाण्या कुमारींनाही लागली होती, हे मात्र आपण विसरतो. दोष झोपेचा नव्हता. रात्र किती लांबू शकते, याचा अंदाज पाच जणींनी घेतला नव्हता.

केडगावला रात्र लांबणार, हे धरूनच सगळी मांडणी होती. तिथं शेती होती, गाईगुरं होती, हातमाग होते, शिवणकाम होतं, छापखाना होता आणि तेलाचा घाणाही होता. आंधळ्या मुलींसाठी ‘बर्तिमी सदन’ होतं, तिथं त्या ब्रेल शिकायच्या आणि टोपल्या विणायच्या. म्हाताऱ्या बायकांसाठी ‘प्रीति सदन’, समाजानं टाकून दिलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’. दृष्टांतातलं तेल म्हणजे काय, यावर पंडितांनी शतकानुशतकं खल केला आहे. श्रद्धा, प्रार्थना, पवित्र आत्मा, सत्कर्म. केडगावच्या बायकांनी खल करत न बसता घाणा चालवला.

म्हणजे तिथं प्रार्थना नव्हती, असं नाही. उलट १९०५ साली केडगाव सगळ्या जगाला माहीत झालं ते प्रार्थनेमुळं. त्या काळात वेल्सपासून खासी टेकड्यांपर्यंत आत्मिक जागृतीची लाट होती, आणि येशू लवकर येणार, ही त्या लाटेतली मोठी आशा होती. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेला कोण येणार म्हणून विचारलं. सत्तर जणी पुढं आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. २९ जूनच्या पहाटे एका मुलीला आपल्या अंगावर आग उतरल्यासारखं वाटलं. शेजारच्या मुलीलाही ती दिसली. ती पाण्याची बादली घेऊन धावली आणि ओतायच्या बेतात तिच्या लक्षात आलं, की ही आग पाण्यानं विझणारी नाही. मग शेकडो मुली रडू लागल्या, आपल्या चुका मोठ्यानं कबूल करू लागल्या.

मुक्तीतल्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर पुस्तिका लिहिली. तिची एक प्रत दक्षिण अमेरिकेत, चिलीमधल्या वालपराइसो गावी त्यांच्या जुन्या मैत्रिणीच्या हाती पडली. १९०९ मध्ये तिथं जी जागृती झाली, तिच्यातून चिलीच्या पेंटेकोस्टल चर्चचा उगम झाला. दौंड तालुक्यातल्या दुष्काळी पोरींची पहाट समुद्रापार पोचली, ती अशी.

या गोष्टीकडं भक्तिभावानं बघणारे खूप आहेत. मला त्यातली टोचणी लपवायची नाही. भुकेनं मरणाऱ्या मुलीला अन्न, छप्पर आणि नवा धर्म एकाच हातातून मिळतो, तेव्हा तिच्या ‘हो’ला किती मोकळीक असते? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला पाहिजे. पण तो विचारताना दुसराही प्रश्न टाळता येत नाही. दुष्काळात त्या पोरींना उचलायला गाडीत बसून किती जण गेले होते?

त्या पहाटेनंतरही केडगावची कामं थांबली नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. मूळ भाषांतून करायचं म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पुराणांशी जोडले गेलेले शब्द त्यांनी जाणूनबुजून टाळले, त्यामुळं त्यांची भाषा कुठं कुठं खडबडीत झाली. त्याच काळात रेव्हरंड ना. वा. टिळक नेमका उलटा रस्ता धरून ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणत होते. लोकांच्या कानात टिळक राहिले. पण रमाबाईंचे खिळे जुळवत होत्या, पानं छापत होत्या, त्या दुष्काळातून आलेल्या मुली. ज्यांना कुणी पाटी हातात दिली नव्हती, त्या हिब्रू-ग्रीक अक्षरं ओळखून लावत होत्या.

मनोरमाबाई आईच्या उजव्या हात होत्या. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. त्याच राज्यातल्या गुलबर्ग्याला त्यांनी मुलींची शाळा काढली. जुलै १९२१ मध्ये त्या गेल्या. रमाबाईंना तोवर ऐकू येणं फार कमी झालं होतं. तरी त्या मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाल्यावरच त्यांनी डोळे मिटले, असं सांगितलं जातं. तारीख होती ५ एप्रिल १९२२. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. त्यांनी ज्याची वाट पाहिली, तो त्यांच्या हयातीत आला नाही.

की आला होता?

मत्तयाचा तो पंचविसावा अध्याय दहा कुमारींपाशी संपत नाही. त्याच्या शेवटी निवाडा आहे. राजा काही जणांना म्हणतो, की मी भुकेला होतो, तुम्ही मला जेवू घातलं. तहानलेला होतो, पाणी दिलं. परका होतो, घरात घेतलं. ते लोक गोंधळतात. तुला कधी पाहिलं, असं विचारतात. राजा सांगतो, की या लहानांतल्या लहानासाठी केलंत, ते माझ्यासाठीच केलंत. ज्याची वाट पाहत होते, तो त्यांच्या दारात येऊन जेवून गेला होता. त्यांना कळलंही नव्हतं, कारण ते कामात होते.

सिस्टरमावशी आता हिंगोलीत नसतात, निवृत्त होऊन मुलाकडं गेल्या. मागच्या डिसेंबरात मी फोन केला. बोलता बोलता विचारलं, "मावशी, अजून मेणबत्त्या लावता?" म्हणाल्या, "लावते की." मग मी लहानपणीचा तो प्रश्न आणि त्यांचं उत्तर आठवून दिलं. त्यांना ते काही आठवत नव्हतं. पण त्या दिवसांतल्या ड्युट्या आठवत होत्या. एका रात्री लाईट गेलेली असताना कंदिलाच्या उजेडात केलेलं बाळंतपण आठवत होतं. "रॉकेल आहे का ते मी संध्याकाळीच बघून ठेवलं होतं बघ," त्या म्हणाल्या, "म्हणून बाई वाचली."