ज्ञानकोशाचे भांडवल

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा विचार बहुधा त्यातील विद्येपुरताच होतो. त्यामागील अर्थव्यवहारही तितकाच विचारार्ह आहे. राजाश्रयाची वाट न पाहता श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) यांनी १९१६ साली नागपूर येथे ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी स्थापिली. भागधारक आणि आगाऊ वर्गणीदार मिळविण्यासाठी त्यांना गावोगाव हिंडावे लागले. ग्रंथ अस्तित्वात येण्यापूर्वीच त्याचे मूल्य घेतले गेल्यामुळे संपादन हे केवळ विद्वत्कार्य न राहता लोकांचे ऋण ठरले. तेवीस खंडांनी ते फेडले. १९२७ साली केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या ग्रंथात ज्ञानकोशाचा इतिहासही सांगितला. संशोधनास वाचकाचा विश्वास हेही भांडवल असते, हे त्यावरून दिसते.