खोक्यावरचे वॅट आणि कानाला लागणारा आवाज



टू-इन-वनच्या नाहीतर होम थिएटरच्या खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं ठळक छापलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलंय. आता हिशोब करा. विहिरीवरची एक एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॅट. मग टेबलावर मावणारा हा डबा मोटरीपेक्षा ताकदवान कसा? नसतोच तो. पीएमपीओ म्हणजे डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळापुरती कंपनीने आपल्या सोयीने धरलेली ताकद. ती कशी मोजायची याचा ठरलेला नियमच नाही. गटाच्या हॉलसाठी सेट घ्यायचं निघालं की बायका आम्हाला विचारतात, आकडा बघून घ्यायचा की ऐकून? याच प्रश्नावर अमेरिकेत आणि युरोपात पन्नास वर्षांपूर्वी मोठी भांडणं झाली. आज आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत.

तिकडे १९६० नंतर घरोघरी ‘रिसीव्हर’ आला. रेडिओ पकडणारा भाग आणि आवाज मोठा करणारा अॅम्प्लिफायर एकाच पेटीत, स्पीकर तेवढे वेगळे. कंपन्या वॅट छापायच्या ते मनाला येईल तसे. कोणी क्षणभराची ताकद सांगायचं, कोणी दोन्ही बाजूंची बेरीज करून सांगायचं. शेवटी १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला. वॅट सांगायचे तर पेटी सलग चालवून मोजायचे, एकेका बाजूचे वेगळे सांगायचे. कोणत्या भारावर मोजले, किती खालच्या स्वरापासून किती वरच्या स्वरापर्यंत मोजले आणि आवाजात बिघाड किती झाला, हेही सांगायचं. शिवाय मोजायच्या आधी पेटी एक तास एक-तृतीयांश ताकदीवर चालवून तापवायची. डेअरीवर फॅट लावायच्या आधी दूध नीट ढवळून घ्यावं लागतं, तसलाच हा प्रकार. खोटेपणाला त्यामुळे चांगला आळा बसला. मग खऱ्या वॅटची शर्यत लागली. १९७८ मध्ये पायोनियरने एसएक्स-१९८० काढला, एका बाजूला २७० वॅटचा. वजन सुमारे ३५ किलो!

दुसरा आकडा बिघाडाचा. मूळ गाण्यात नसलेलं जे काही पेटी आपल्या पदरचं घालते, त्याला तज्ज्ञ ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. आपण त्याला भेसळ म्हणू. ती कमी करायची युक्ती जुनी आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये बेल लॅब्जचे हॅरोल्ड ब्लॅक हे इंजिनिअर हडसन नदी ओलांडून कामावर चालले होते. बोटीतच त्यांना ती सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यांनी ती उतरवून काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा करून परत आत सोडायचा, म्हणजे पेटीने केलेली चूक तिथल्या तिथे कापली जाते. आमटी चाखत चाखत मीठ सावरावं, तसं. याला ‘फीडबॅक’ म्हणतात. १९७० च्या दशकात तो भरपूर वापरून कंपन्यांनी भेसळ ०.१ टक्क्यावरून ०.०१ टक्क्यापर्यंत आणि त्याहूनही खाली नेली.

तरी काही ऐकणारे म्हणायचे, आवाज कोरडा येतो, कान थकतात. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकात ज्युलियन हर्श पेट्या मोजून अहवाल लिहायचे. उलट जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ काढलं तेच मुळी कानाने ऐकून परीक्षण करायला. दोन तट पडले.

आमच्या मते दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. तांदळात एक टक्का कोंडा निघाला तर खाणाऱ्याला कळतही नाही. एक टक्का खडे निघाले तर पहिल्याच घासाला दाताखाली येतात. वजन मात्र दोन्हींचं सारखंच भरतं. भेसळीचा एकच टक्का छापला की कोंडा किती आणि खडे किती हे कळत नाही. बीबीसीचे शॉर्टर यांनी १९५० मध्येच सांगितलं होतं, की मूळ स्वरापासून फार वरच्या पट्टीत उमटणारी भेसळ कानाला जास्त टोचते, म्हणून हिशोबात तिला जास्त वजन द्या. बाजाराने ते मनावर घेतलं नाही. दुसरं असं, की सुरुवातीच्या कित्येक ट्रान्झिस्टर पेट्यांची भेसळ आवाज हळू असतानाच वाढायची. छापलेला आकडा पूर्ण ताकदीचा, आणि घरात आपण ऐकतो एक-दोन वॅटवर. १९७० मध्ये फिनलंडचे मॅटी ओटाला यांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. चाचणीत एकच स्वर सलग वाजवतात, पण गाण्यात ढोलकीची थाप अचानक पडते. मंद चालीची पेटी तिथे गडबडते. पुढे इतरांनी दाखवून दिलं की हा दोष फीडबॅकचा नसून मंद पेटीचा आहे आणि योग्य चाचणी लावली तर तोही मोजता येतो.

मग १९८५ ची गंमत. बॉब कार्व्हर नावाचे अॅम्प्लिफायर बनवणारे स्टिरिओफाइलवाल्यांना म्हणाले, तुमच्या पसंतीच्या महागड्या अॅम्प्लिफायरसारखा आवाज मी माझ्या स्वस्त पेटीतून काढून दाखवतो. सांता फे गावी हॉटेलच्या खोलीत ते दोन दिवस बसले. दोन्ही पेट्यांना एकच गाणं दिलं आणि बाहेर आलेले आवाज एकमेकांतून वजा केले. जे सारखं ते शून्य झालं, उरला तो फरक. तो फरक जवळजवळ नाहीसा होईपर्यंत त्यांनी आपल्या पेटीत सुधारणा केल्या. नंतर होल्ट आणि त्यांचे सहकारी ऐकायला बसले, तर त्यांना दोन्हींत फरक सांगता येईना. कानवाल्यांच्या अंगणात जाऊन मोजमापाने बाजी मारली, पण ती खोक्यावर छापतात त्या मापाने नव्हे.

१९८७ मध्ये स्टिरिओ रिव्ह्यूने सव्वादोनशे डॉलरच्या आसपासचा रिसीव्हर आणि बारा हजार डॉलरचे अॅम्प्लिफायर पेट्या न दाखवता ऐकवले. आवाज अगदी सारखा मोठा ठेवला होता, कारण जरा मोठा वाजला की तोच आपल्याला चांगला वाटतो. फरक खात्रीने कोणाला ओळखता आला नाही. दुकानदार मात्र महाग सेट थोडा मोठा लावतो, हे ऐकायला जाल तेव्हा ध्यानात ठेवा. बटण आपल्या हाताने फिरवून बघा.

म्हणजे पेटी नीट मोजली, ठीक बनवलेली असली आणि तिला झेपेल एवढ्याच आवाजात वाजवली, तर पेटीपेटीत फार फरक उरत नाही. खरा फरक स्पीकरचा. कॅनडातले फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात चहूबाजूंनी स्पीकर मोजले आणि पडद्याआड ठेवून माणसांना ऐकवले. पुढे त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये ७० स्पीकरांच्या मापांवरून एक सूत्र बांधलं. त्या सूत्राचा अंदाज आणि लोकांची पसंती यांचा मेळ ०.८६ बसला. पूर्ण मेळ असता तर तो १ आला असता. १९९४ मध्ये या दोघांनी हेही पाहिलं होतं, की स्पीकर डोळ्यांसमोर ठेवले की त्याच माणसांची पसंती बदलते. मोठ्या, महागड्या दिसणाऱ्या स्पीकरला गुण वाढतात. ही माणसं स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलीच होती.

उरली खोली. खालचे, घुमणारे स्वर कसे ऐकू येतील हे बरंचसं खोलीच ठरवते. आपला हॉल पत्र्याचा, भिंती उघड्या. दुकानात गोड वाजलेला सेट तिथे घुमेल. एक तास मागून आणा, स्पीकर कोपऱ्यातून काढून पुढे ठेवा, सतरंज्या अंथरा, पंधरा-वीस जणींना बसवा, आणि भजनाबरोबर साधं बोलणंही लावून ऐका. मागच्या रांगेतल्या आजींना शब्द कळतात का, ते त्यांनाच विचारा.